पडद्यामागची पंगत

नंदू डावखुरा आहे हे माझ्या प्रथम लक्षात आलं तेव्हा तो खुळखुळ्याच्या वयाचा होता. मी कुणाला बोलले नाही. खुळखुळा काढून त्याच्या उजव्या हातात दिला. त्याने तो परत डाव्यात घेतला. मी पुन्हा बदलला. हा आम्हां मायलेकांचा खेळ आहे, असं सासूबाईंना बरेच महिने वाटत होतं.

नंदूला चौथं लागलं आणि तो आपल्या हाताने जेवायला लागला, तेव्हा खेळ उघडकीला आला. सासूबाईंनी निळ्या खणाच्या उरलेल्या तुकड्याची एक पिशवी शिवली, तिला नाडी ओवली, आणि रोज पानावर बसताना ती नंदूच्या डाव्या हातावर चढवून मनगटाशी बांधायला सुरुवात केली. पिशवी सुबक होती. तिला काठसुद्धा लावला होता.

"मारायचं नाही, ओरडायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "हात आपोआप विसरतो."

हात विसरला नाही. नंदू जेवण विसरला. उजव्या हाताने भाताचा एक घास गोळा करायचा, तो तोंडापर्यंत नेताना निम्मा मांडीवर सांडायचा, आणि मग पिशवीकडे बघत बसायचं. पानातली आमटी गार होऊन तिच्यावर साय धरायची.

बी.ए.ला माझा मानसशास्त्र विषय होता, हे एक दुर्दैव. पुस्तकात एका ठिकाणी दिलं होतं की डावखुऱ्या मुलाला बळेच उजवं केलं तर ते तोतरं होण्याचा संभव असतो. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही, पण अख्ख्या पुस्तकातलं मला तेवढंच लक्षात राहिलं. मी नंदूच्या तोंडाकडे बघत असे. गणपतीच्या सुमाराला तो 'पाणी' म्हणताना 'प'वर थांबायला लागला. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "विचार करून मागत असेल."

हे भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ सरळ आली की त्यांना बाकी जगाची फारशी काळजी नसे.

आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. ते वाईट नव्हते. फक्त त्यांनी लढाईच्या आधी गिरगावात 'खटल्याचं घर' नावाचा एक विनोदी सिनेमा पाहिला होता, आणि तो ते अजून पाहत होते. सात भाऊ, त्यांच्या सात बायका, एक बहीण आणि तिचं लग्न, अशी ती गोष्ट. सातांतला सर्वांत धाकटा दामू डावरा असतो. लग्नाच्या पंगतीत तो डाव्या हाताने जेवतो, त्याचं कोपर शेजारच्या व्याह्याच्या कोपराला लागतं, व्याह्याचा श्रीखंडाचा घास पुढच्याच्या पगडीवर जातो, आणि तिथून पुढे सगळं लग्नघर कोसळतं. अण्णा हे तोंडाने सांगत नसत, करून दाखवत. नंदूने चुकून डावा हात पानाकडे नेला की अण्णा आपला डावा हात तोंडाकडे वाकडातिकडा नेऊन म्हणत, "आला, आला, डावरा दामू आला."

सगळे हसत. हेसुद्धा हसत. नंदू हसत नसे. एकदा गणपतीच्या आरतीनंतर त्याने तीर्थाला डावा हात पुढे केला. भटजींनी पळी मागे घेतली, आणि मागून सोसायटीतली दोन पोरं म्हणाली, "दामू, दुसरा हात." म्हणजे नाव जिना उतरून खाली गेलं होतं. पुढच्या जूनमध्ये त्याला शाळेत घालायचं होतं. ते त्याच्या आधी शाळेत पोचणार, हे मला दिसत होतं.

अशात आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात 'खटल्याचं घर' दाखवायचं ठरलं.

सेक्रेटरी मार्तंडराव सांगत आले, तेव्हा अण्णांनी त्यांना बसवून चहा दिला. सासूबाई आतून म्हणाल्या, "चला, एकदाचा मलाही दिसेल." अण्णांनी तो सिनेमा एकट्याने पाहिला होता, ही गोष्ट त्या घरात वीसेक वर्षं अधूनमधून निघत असे. मी नंदूच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.

मुलुंडला आमच्या दोन इमारती समोरासमोर, मध्ये चिंचोळं पटांगण. सिनेमाचं कापड त्या पटांगणात आडवं, मधोमध बांधत. मशीन असे त्या बाजूला पुरुष बसत, आणि कापडाच्या मागच्या बाजूला बायका. बायकांच्या बाजूला आमच्या इमारतीचा, स्वयंपाकघरांकडे जाणारा मागचा जिना होता. दूध उतू गेलं, पोर उठलं, तर पळता येई. कापडावर बादलीभर पाणी मारलं की चित्र आरपार दिसे, आणि आवाज काय, दोन्हीकडे सारखाच. सोसायटी झाल्यापासून हीच वहिवाट होती. त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

मी नंदूला मांडीवर घेऊन बसले. त्याचा डावा हात माझ्या हातात होता. ती मला सवयच झाली होती. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरच्या शेवंतीबाई. त्या मालवणकडच्या, त्यांचे यजमान गिरणीत होते.

नावं सुरू झाली. "अक्षरं उलटी आहेत," मी म्हणाले.

"माका वाचूक येणा नाय," शेवंतीबाई म्हणाल्या. "माका उलटी काय नि सुलटी काय."

सिनेमा पुढे सरकला. सासूबाई सगळं बारकाईने बघत होत्या. त्यांना वीस वर्षांचा हिशोब पुरा करायचा होता.

"अगं, ह्यांचे पदर बघ," त्या म्हणाल्या. "उजव्या खांद्यावर."

"गुजरातणींसारखो," शेवंतीबाई म्हणाल्या. "द्वैभाषिक राज्य झाला मा. आता असाच दाखवतले."

मग मंडपात भटजी आले. उघडे, धिप्पाड, आणि जानवं उजव्या खांद्यावर. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "अपसव्य," त्या म्हणाल्या. "लग्नाला आलाय का श्राद्धाला?"

मग पंगत बसली.

लांबच लांब पंगत. रांगोळ्या, उदबत्त्या, सहा भाऊ, व्याही, सगळी वऱ्हाडाकडची माणसं, आणि सगळीच्या सगळी डाव्या हाताने जेवत होती. सावकाश, पोटभर, चारचौघांत. त्यांच्यामध्ये दामू एकटा उजव्या हाताने जेवत होता. त्याचं कोपर व्याह्याला लागलं. श्रीखंड पगडीवर गेलं. कापडाच्या दोन्ही बाजूंना एकदम हशा पिकला.

मला तेव्हाच कळलं. उलटी अक्षरं मी पाहिलीच होती. मी सासूबाईंना सांगायला तोंड उघडलं, आणि नंदूने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. दोन्ही हात मांडीवर आपटून तो हसत होता. जेवणाच्या गोष्टीला त्याला हसताना मी प्रथमच पाहत होते.

मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पानं घेतली. सासूबाई पिशवी घेऊन नंदूजवळ बसल्या होत्या. नंदूने त्याआधीच डाव्या हाताने भात कालवायला घेतला होता. अण्णांनी आपला डावा हात वाकडा केला. "आला, आला, डावरा दामू आला. कसा केलाय त्याने, पाहिलंस ना काल?"

"दामू डावरा नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

अण्णांचा हात तोंडाशी थांबला. "काय?"

"डावरे बाकीचे होते. दामू उजव्या हाताने जेवत होता. वीस वर्षं तुम्ही मला खोटं सांगत आलात."

"अगं, तू झोपली होतीस का?"

"मी चांगली जागी होते. तो भटजी अपसव्य करून आला होता, तेही पाहिलं मी. ते नाही सांगितलंत कधी."

"कुठला अपसव्य? जानवं डाव्या खांद्यावर होतं त्याचं."

"उजव्या."

"मधू, तू सांग रे हिला."

"डाव्या होतं, आई," हे म्हणाले.

"तू त्यांचाच," सासूबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी दाखवता यावं म्हणून त्यांनी पिशवी फळीवर ठेवली. "हे बघा. सहा जण हे असे. आणि दामू तुमच्यासारखा असा."

ह्या गडबडीत नंदूने पानातला भात संपवला. मग मान वर करून म्हणाला, "आणखी भात."

मी वाढला. 

दुपारपर्यंत सगळ्या सोसायटीत हेच. वर कुंदाच्या घरी नवराबायको बोलत नव्हती. शेवंतीबाईंचे यजमान सिनेमा पाहून रात्रपाळीला जाऊन आले होते, ते झोपल्या झोपल्या "दामू डावरोच" म्हणत होते. पुरुष म्हणत, असला विनोदी सिनेमा पुन्हा होणे नाही, दामूने धमाल केली आहे. बायका म्हणत, सिनेमा बरा आहे, पण एकट्या धड माणसाला सगळे मिळून हसतात, ह्यात विनोद तो काय. पुरुष म्हणत, बायकांना विनोद कळत नाही. बायका म्हणत, पुरुषांना जानवं दिसत नाही.

पण सहा भाऊ आणि सगळे पाहुणे डाव्या हाताने का जेवत होते, ह्याचा उलगडा बायकांनाही हवाच होता. तो नळावर झाला आणि सासूबाईंनीच केला.

"बडोद्याचे लोक असणार," त्या म्हणाल्या. "मराठीच, पण बडोद्याकडचे. म्हणून पदर उजव्या खांद्यावर. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिल्यावर तिकडचं येणारच."

"आणि जेवण डाव्या हातान्?" शेवंतीबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी हंडा खाली ठेवला. त्यांची एक मावसबहीण बडोद्याला दिलेली होती. तिच्या घरी चांदीची ताटं होती आणि ते लोक फार मोठे होते, एवढं आम्हांला नेहमी सांगण्यात येई. "मोठ्या लोकांच्या रीती वेगळ्या असतात," सासूबाई म्हणाल्या. "उजवा हात मुजऱ्याला मोकळा ठेवत असतील."

हे सगळ्यांना पटलं. मीही मान हलवली.

त्या दिवसापासून पिशवी फळीवरच राहिली. ती काढायची असं कुणी ठरवलं नाही. पण अण्णांसमोर नंदूच्या डाव्या हातावर पिशवी बांधणं म्हणजे दामूच्या बाबतीत अण्णांचं म्हणणं मान्य करणं, असं काहीतरी सासूबाईंच्या मनात असावं. उलट नंदू डाव्या हाताने जेवताना त्या अण्णांकडे बघत आणि म्हणत, "जेव हो बाळा. बडोद्याला जेवतात." नंदू दोन्ही वेळा पान स्वच्छ करत होता. मी कान देऊन होते. 'पाणी' सरळ येत होतं.

एका संध्याकाळी कामावरून आल्यावर ह्यांनी मला मोरीपाशी गाठलं.

"अनू, हे ट्रेसिंगसारखं आहे," हे म्हणाले. "कापड उलट्या बाजूने धरलं की डावं ते उजवं होतं. आज कारखान्यात एकदम लक्षात आलं. तुम्ही मागून बघत होता."

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अक्षरं उलटी होती."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

"नंदू जेवतोय," मी म्हणाले.

ह्यांनी हातावर पाणी घेतलं. मग म्हणाले, "मी हसत होतो ना, अण्णा करायचे तेव्हा."

"सगळेच हसायचे."

"बरं. मी काही बोलत नाही."

ते बोलले नाहीत. पण मार्तंडराव सेक्रेटरी होते, आणि भांडण मिटवणं हे सेक्रेटरीचं काम आहे असं त्यांना वाटे. त्यांनी फळ्यावर लिहिलं की लोकाग्रहास्तव रविवारी तोच सिनेमा पुन्हा दाखवण्यात येईल, आणि महिलांची तक्रार लक्षात घेता ह्या खेपेला महिला पुढे बसतील, पुरुष मागे.

मी फळ्यापुढे बराच वेळ उभी राहिले. रविवारी सासूबाई पुढून पाहणार. बडोदा एका रात्रीत बुडणार. आणि नंदू पुढून पाहणार, की सगळे नीट जेवताहेत, एकटा दामू त्याच्यासारखा जेवतोय, आणि सगळी सोसायटी त्याला हसतेय.

रविवारी सकाळपासून मी नंदूचं कपाळ बघत होते. दुपारी म्हणाले, "ह्याला कसर वाटते आहे. आम्ही दोघं घरीच थांबतो."

सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला, पोटाला लावला. "काही कसर नाही," त्या म्हणाल्या. "त्याला येऊ दे. त्यानेही पाहिलंय. एक साक्षीदार वाढतो."

दिवेलागण झाल्यावर आम्ही मशीनच्या बाजूला जाऊन बसलो. मोकळं मोकळं वाटत होतं. कापडाच्या पलीकडून पुरुषांचं खोकणं ऐकू येत होतं. आमच्या मागच्या जिन्यापाशी बसावं लागल्यामुळे अण्णा आधीच नाराज होते.

नावं सुरू झाली. ह्या खेपेला अक्षरं सुलटी होती. सासूबाई ती मोठ्याने वाचत होत्या, शेवंतीबाईंसाठी. मग बायका आल्या, पदर डाव्या खांद्यावर. सासूबाईंचं वाचन थांबलं. भटजी आले, जानवं डाव्या खांद्यावर. कापडाच्या पलीकडे कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "अरे, अपसव्य." तो अण्णांचा आवाज होता.

पंगत बसली. मी नंदूचा हात घट्ट धरला. सगळे उजव्या हाताने जेवत होते. दामूने डावा हात श्रीखंडात घातला. बायका हसल्या नाहीत, त्या बघत राहिल्या. पलीकडे पुरुषही हसले नाहीत. पगडीवर श्रीखंड पडलं, आणि पडल्याचा फक्त आवाज आला.

नंदूने माझ्याकडे पाहिलं. मग तो हात सोडवून उठला. मी "नंदू" म्हणेपर्यंत कापडाखालून वाकून पलीकडे गेला.

मी कडेने वळसा घेऊन धावले. पुरुषांच्या बाजूला मी कधी गेले नव्हते. पण ती तर आमचीच बाजू होती, आमच्या जिन्यासमोरची, त्यामुळे लाजायचं की नाही हे मला ठरवता येईना. मी अण्णांच्या मागे जाऊन उभी राहिले. नंदू अण्णांच्या मांडीवर चढून बसला होता. समोर सगळी पंगत डाव्या हाताने जेवत होती आणि दामू एकटा उजव्या. एवढ्या शांततेत नंदू एकटाच खदखदून हसत होता.

"काय रे, कशाला हसतोस?" अण्णांनी विचारलं.

"तो तुमच्यासारखा जेवतोय," नंदू म्हणाला.

दोनचार माणसं हसली. दामूला नव्हे. अण्णांनी मान वळवून पाहिलं, तशी ती गप्प झाली. मग अण्णांनी आपला उजवा हात पाहिला, आणि तो उपरण्याखाली घेतला. सिनेमा संपेपर्यंत तो बाहेर आला नाही.

सिनेमा संपल्यावर मार्तंडरावांनी लाउडस्पीकरवरून खुलासा केला. कापडाच्या मागून पाहिलं की डावं उजवं दिसतं, दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, तरी सर्वांनी सलोख्याने घरी जावं. त्यांचं म्हणणं कुणीही ऐकून घेतलं नाही. जो तो म्हणत होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"दुसरी रिळं आणली," सासूबाई जिन्यात म्हणाल्या. "आमच्या तोंडाला पानं पुसायला. पहिल्या दिवशीचा सिनेमा खरा होता. ह्यांना विचारा, ह्यांनाही दिसला आज."

मी अण्णांकडे पाहिलं. खरं खोटं करायला ते आयुष्यभर तयार असत. ते दोन पायऱ्या चढले, थांबले, आणि म्हणाले, "दिसला."

"काय दिसलं?"

"तू म्हणत होतीस ते."

सासूबाईंना ह्याची सवय नव्हती. 

दुसऱ्या दिवशी मी पानं मांडत होते. नंदूचं पान नेहमी अण्णा आणि हे ह्यांच्यामध्ये असे, दोन्हीकडून लक्ष ठेवायला. अण्णा येऊन पाटावर बसले, पुन्हा उठले, आणि उभे राहून पानांकडे बघत राहिले.

"सूनबाई, त्याला मध्ये बसवू नकोस," ते म्हणाले. "डाव्या टोकाला घे, भिंतीकडे. मध्ये बसला की कोपराला कोपर लागतं. तेवढंच आहे ते. बाकी काही नाही."

मी नंदूचं पान उचलून भिंतीकडे नेलं. हे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि रडायचं कारण सासूबाईंना सांगता आलं नसतं.

सासूबाई आमटी घेऊन आल्या. नवी मांडणी त्यांनी पाहिली, अण्णांकडे पाहिलं. अण्णा चित्राहुती घालत होते, खाली मान घालून. फळीवरची निळी पिशवी त्यांना दिसली असणारच. ती तिथेच होती.

"बडोद्याला असंच बसवतात," सासूबाई म्हणाल्या, आणि नंदूला वाढलं.

नंदू जेवायला लागला. हल्ली तो फार भरभर जेवतो. मी पाण्याचं भांडं त्याच्या डाव्या हाताशी सरकवून ठेवलं आणि ठसका लागतो का ते बघत बसले.